उद्या दुपारी बाराला रस्ता खुला

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलो म्हटलं की साताऱ्यात लोक दोनच प्रश्न विचारतात. कांगारू पाहिला का, आणि समुद्रावर गेला होतात का. कांगारू पाहिला. समुद्र विमानातून पाहिला. पण मी जे खरं पाहून आलो ते विचारायचं कुणाला सुचतच नाही, म्हणून न विचारता सांगतो. मी ऑस्ट्रेलियात बंद रस्ता पाहिला! बर्फाने, झाडांनी, विजेच्या तारांनी आणि वर चार सरकारी खात्यांनी बंद केलेला अस्सल घाटरस्ता! ज्याची उभी नोकरी बांधकाम खात्यात, दरडी उपसण्यात गेली, त्याला परदेशात जाऊन आणखी काय हवं?

हिला हे पटत नाही. "लोक तिकडे जाऊन ऑपेरा हाऊस बघतात, हे बुलडोझर बघून आले," असं नलू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. सांगू दे. ऑपेरा हाऊस कुठे पळून जात नाही. तसा बर्फ पुन्हा पडेलच असं नाही.

आमची मुग्धा तिकडे रस्ते खात्यात इंजिनियर आहे. मेलबर्नपासून गाडीने बरंच ईशान्येला, व्हिक्टोरियाच्या डोंगरांमध्ये एका लहानशा गावात तिचं पोस्टिंग आहे. गावाचं नाव सांगत नाही. ती अजून तिथेच नोकरी करते, आणि हे लिखाण तिची कोणीतरी मैत्रीण वाचून दोन मिनिटांत तिला पाठवणार, याची मला खात्री आहे.

ग्लेन वेव्हर्ली

मेलबर्नला पहिले दोन दिवस आम्ही ग्लेन वेव्हर्लीत केतकीकडे होतो. केतकी म्हणजे मुग्धाची कॉलेजची मैत्रीण. ती आणि तिचा नवरा दोघेही आयटीत. घर कसं, एकदम चकाचक. गॅरेजमध्ये दोन गाड्या आणि फ्रिजवर मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रण. त्यांच्या सहा वर्षांच्या ईशानला मी मराठीत काहीही विचारलं की तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. मी म्हटलं, "बाळा, डोंगरात चाललोय आम्ही, येतोस का?" तर म्हणतो, "नो वे, इट्स फ्रीझिंग!"

केतकीचं एकच पालुपद. "काका, तुम्ही तरी समजावा तिला. तिकडे आहे काय? इथे ये म्हणावं. आपली माणसं आहेत, दुकानं आहेत, ट्रेनने ऑफिसला जाता येतं."

नलूला ते लगेच पटलं. मी म्हटलं, आधी बघू तर खरं.

मुग्धा न्यायला आली ती खात्याची चार दरवाज्यांची, मागे हौदा असलेली गाडी घेऊन. तिकडे त्याला यूट म्हणतात. मागे दोरखंड, फावडी, करवत आणि चाकांना बांधायच्या लोखंडी साखळ्या. डोंगर सुरू व्हायच्या आधी एका पंपावर तिने खास थंडीतलं डिझेल भरलं. साधं डिझेल वर गोठतं, म्हणे. आयला, डिझेल गोठतं! महाबळेश्वरला कडक थंडीत आमच्या जीप सकाळी कुरकुरायच्या, पण त्या म्हाताऱ्या होत्या म्हणून.

"बाबा, एक सांगू? तिथे मी 'साहेबांची मुलगी' नाहीये हं," मुग्धा गाडी चालवता चालवता म्हणाली. "गाव छोटं आहे. मला येऊन सहा-सात महिनेच झालेत. लोक अजून चाचपून बघतायत मला. तुम्ही प्लीज कुणाला सल्ले देऊ नका."

"अगं, मी कशाला देतोय सल्ले!"

मागच्या सीटवर नलू मोठ्याने हसली.

गाव

गाव बघून जीव हरखला. एकच मुख्य रस्ता. त्यावर एक पंप, एक पब, एक बेकरी, एक दवाखाना, एक शाळा आणि पत्र्याच्या छपराचा एक सार्वजनिक हॉल. चहूबाजूंनी हिरवीगार कुरणं, त्यांत काळ्या-पांढऱ्या गाई, आणि वर बघावं तर बर्फाने पांढरे झालेले माथे. ऑगस्टचा महिना, म्हणजे तिकडचा कडाक्याचा हिवाळा, तरी रस्त्याकडेला वॉटलची झाडं पिवळ्या फुलांनी नुसती लगडलेली. सकाळी मॅगपाय नावाचा काळा-पांढरा पक्षी असा काही गातो की मी चहाचा कप हातात धरून उभाच राहिलो. चहा गार झाला. तिथे तो तसाही मिनिटात गार होतो.

बेकरी मॉरीन नावाच्या बाईंची. साठीच्या पुढच्या, केस आखूड कापलेले, आवाज खणखणीत. नलूने पहिल्याच दिवशी त्यांना थालीपिठाची भाजणी दाखवली आणि दुसऱ्या दिवशी दोघी मिळून बेकरीच्या तव्यावर थालीपीठ लावत होत्या. मधल्या भोकात तेल सोडायचं हे मॉरीनला फार आवडलं. भाषेचं म्हणाल तर नलूचं इंग्रजी शाळेतल्या बाईंचं आणि मॉरीनचं तिकडचं, अर्धे शब्द गिळलेलं. पण स्वयंपाकघरात बायकांना भाषा कुठे लागते?

तिथेच मला केव्ह भेटला. केव्ह म्हणजे दूधवाला शेतकरी, अडीचशे गाईंचा धनी. साडेसहा फूट उंच, आणि त्या थंडीत अर्ध्या चड्डीत! मी स्वेटरवर स्वेटर, त्यावर मफलर, त्यावर माकडटोपी, आणि हा बाबा उघड्या पोटऱ्यांनी कॉफी पितोय. आम्ही गाईंवर बोललो. तो भराभरा बोलायचा आणि मला निम्मंच कळायचं. मुलीला भेटायला आलोय म्हटल्यावर त्याने खांदा फिरवून दाखवला, माझा हात दाबला आणि आभार मानले. मी "हो हो, नो वरीज" म्हणालो. घरी आल्यावर मुग्धाने खुलासा केला. गावात भारतीय माणसं दोनच, ती आणि दवाखान्यातली पंजाबी डॉक्टर. केव्हने मला डॉक्टरचा बाप समजून खांदा बरा केल्याबद्दल आभार मानले होते. मी म्हटलं, असू दे, नंतर सांगू. तिथे चुकलो.

काचेचा दिवस

चौथ्या दिवशी दुपारपासून पाऊस सुरू झाला. साधा पाऊस, असं मला वाटलं. मुग्धा मात्र खिडकीशी जाऊन थर्मामीटर बघत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता. हा पाऊस पाणी म्हणून पडतो आणि टेकला त्या जागी गोठतो. पानावर पडला पानावर, तारेवर पडला तारेवर.

सकाळी दार उघडलं आणि मी ओरडलोच, "नलू, बाहेर ये! लवकर!" सगळं गाव काचेचं झालं होतं. गवताचं पातं न् पातं काचेच्या नळीत. वॉटलची पिवळी फुलं काचेत. कुंपणाच्या तारा मनगटाएवढ्या जाड. सूर्य वर आला आणि सगळं असं लखलखलं की डोळ्यांना पाणी आलं. पासष्ट वर्षांच्या आयुष्यात असं काही पाहिलं नव्हतं. वीज गेलेली, फोन गेलेला, आणि मी मात्र लहान पोरासारखा टाळ्या पिटत होतो.

मग डोंगरातून आवाज यायला लागले. ठो! थोडं थांबून पुन्हा, ठो! बर्फाच्या ओझ्याने निलगिरीच्या फांद्या मोडत होत्या. कुठे अख्खं झाड. मुग्धा बूट घालत म्हणाली, "घाट गेला, बाबा."

तिची गाडी बर्फाच्या काचेखाली गेली होती. पोर घाईत, तिला मदत करावी म्हणून मी शेगडीवर तापवलेलं आंघोळीचं पाणी बादलीभर नेऊन पुढच्या काचेवर ओतलं. झटकन बर्फ वितळला. आणि झटकन काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली.

मुग्धाने एकदा काचेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "बाबा," एवढंच म्हणाली आणि चालत डेपोवर गेली.

रस्ता कुणाचा?

गावातून बाहेर पडायला तो एकच घाट. दुधाचा टँकर तिथूनच येतो, पाव आणि भाजीपाला तिथूनच, सगळं तिथूनच. घाटात शंभरेक झाडं आडवी. काहींच्या खाली विजेच्या तारा. आणि आता मजा ऐका. खालचा रस्ता नगरपालिकेचा, वरचा रस्ता राज्याचा, बाजूची झाडं जंगल खात्याची आणि तारा वीज कंपनीच्या! तार जिवंत नाही असं कंपनीने सांगितल्याशिवाय झाड कापायचं नाही. जंगल खात्याचा माणूस आल्याशिवाय उभ्या झाडाला हात लावायचा नाही. कंपनीचा माणूस घाटाच्या पलीकडे, कारण घाट बंद.

खरं सांगतो, मला गहिवरून आलं. वाटलं, अरे, हे तर आपलंच घर! आपल्याकडे बांधकाम खातं, जिल्हा परिषद, वन खातं आणि वीज मंडळ, तिथे इंग्रजी नावांनी तेच चौघे. इतकी वर्षं मला वाटायचं, परदेशात हे नसतं.

फरक एकच. आपल्याकडे लोक पहिल्या तासाला चिडतात. तिकडे पहिल्या दिवशी कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी बोलायला लागले. तिसऱ्या दिवशी घाटाच्या तोंडाशी लावलेल्या लाल-पांढऱ्या बॅरिकेडवर कुणीतरी पुठ्ठा टांगला होता: "रस्ता बंद. सरकारही बंद." मॉरीनच्या बेकरीत पीठ संपत आलं होतं. आणि केव्ह दूध ओतून देत होता. ते मी स्वतः पाहिलं. त्याच्या गाई नुकत्याच व्यायलेल्या, दोन वेळा धारा काढायलाच हव्यात, आणि टाकी भरलेली. नळ सोडला की पांढरा पाट खळखळत शेणपाण्याच्या तळ्यात जायचा. दुधाच्या आंदोलनात रस्त्यावर दूध ओतलेलं मी पाहिलंय, तिथे घोषणा असतात, फोटोवाले असतात. इथे एकटा उंच माणूस खिशात हात घालून बघत उभा. मला ते बघवेना.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे," केव्ह म्हणाला. "या गावात प्रत्येकाकडे करवत आहे. आम्ही कापतो म्हटलं तर ती रस्तेवाली पोरगी जाऊ देत नाही. जन्मात कधी फावडं धरलं नसेल तिने."

माझी कानशिलं तापली. सांगावं, ती माझी पोरगी आहे! पण मुग्धाची ताकीद आठवली. घराकडे वळलो.

हॉल

त्याच दिवशी दुपारी हॉलमध्ये सभा भरली. जनरेटरवर चार दिवे आणि एक माइक. मी सभेला जायचं म्हणून कोट-टाय चढवला. सभा म्हणजे सभा. निघताना मुग्धा म्हणाली, "बाबा, आज एक शब्दही नाही. प्रॉमिस?"

"प्रॉमिस," मी म्हणालो. आणि ते मनापासूनच म्हणालो होतो.

नलू मॉरीनजवळ बसली, माझ्या शेजारी केव्ह. समोर माझी मुलगी एकटी, पिवळं जाकीट, डोळ्यांखाली काळं. तीन दिवस ती जेमतेम झोपली होती. नगरपालिकेचा माणूस सर्दी झाली म्हणून आला नव्हता. ही युक्ती मला नवी नाही.

लोक एकेक करून उठले. शाळेच्या बाई बोलल्या, पंपवाला बोलला, मग केव्ह उठला आणि त्याचा आवाज पत्र्याला भिडला. "मी दूध मातीत ओततोय! मला फक्त वेळ सांग. कधी उघडणार?"

"मला माहीत नाही," मुग्धा म्हणाली. "वरच्या फांद्यांवर अजून बर्फ आहे. त्या कधी पडतील सांगता येत नाही. खाली माणूस असेल तर मरेल. तारांचंही अजून कळलेलं नाही. मी वेळ सांगू शकत नाही."

झालं! हॉल उसळला. "मग तू इथे कशाला?" "मेलबर्नला परत जा!" कुणी खुर्ची सरकवली, कुणी हसलं, कुत्सित हसलं. माझी मुग्धा माइक धरून उभी होती आणि तिचा हात थरथरत होता. तो हात मला दिसला. पाचवीत वक्तृत्व स्पर्धेत थरथरला होता तसाच. तिला इथून जायला लागलं तर केतकीला, नलूला आनंदच होईल. पण मुग्धाचं काय? तिला हे काम हवं होतं, हाच डोंगर हवा होता.

मी उठलो.

नलूने मागून कोट ओढला. काही उपयोग झाला नाही. "लेडीज अँड जंटलमेन!" मी म्हणालो. "तीस वर्षांहून जास्त मी रस्ते खात्यात इंजिनियर आहे. घाट हा माझा विषय आहे. माझं आश्वासन आहे. उद्या दुपारी बाराला रस्ता खुला होईल!"

आता तुम्हाला म्हणून सांगतो, कारण तुम्हाला कळेल. आपल्याकडे घाट बंद पडला, शे-दोनशे लोक अंगावर आले की साहेबाने काय म्हणायचं असतं? उद्या होईल म्हणायचं असतं. लोकांनाही ठाऊक असतं की उद्या म्हणजे उद्याच असं काही नाही. पण साहेब बोलला, मान राखला, चला आता चहा घेऊ, असं म्हणून माणसं निवळतात. रागाच्या तव्यावर शिंपडलेलं पाणी असतं ते. त्यात खोटं असं कोणाला वाटत नाही.

हॉल निवळला. मग टाळ्या! मी छाती फुगवून नलूकडे बघितलं.

केव्हने माझा हात गदगदा हलवला. "तू रस्तेवाला आहेस हे बोलला नाहीस कधी! बारा ना? राइटो." आणि तो दाराकडे निघाला. "पोलीस चौकीच्या रेडिओवरून डेअरीला कळवतो. सकाळी टँकर पलीकडून चढायला लागला की बाराला वर पोचेल."

मागे चार-पाच जण तशाच घाईने उठले. कुणी म्हणालं, बायको घाटापलीकडच्या इस्पितळात आहे, तिला तिकडून निघायला सांगतो. यांनी ते खरं धरलं होतं! माझ्या 'उद्या बारा'वर हे लोक बर्फाळलेल्या घाटात टँकर चढवणार होते.

"केव्ह, थांब!" माइकवरून मुग्धा ओरडली. मग ती बोलली, एकेक शब्द सुटा. "हे माझे वडील आहेत. भारतातून मला भेटायला आलेत. ते खरंच रस्ते इंजिनियर होते. त्यांचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणून ते बोलले. पण ते चुकीचं बोलले. उद्या बाराला रस्ता उघडणार नाही. टँकर बोलावू नका. कोणालाही घाटात बोलावू नका."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. केव्हने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हणजे तू डॉक्टरचा बाप नाहीस?"

"नाही," मी म्हणालो.

"रोज सकाळी आणि रोज दुपारी मी मॉरीनच्या बेकरीत येईन," मुग्धा पुढे म्हणाली. "जे कळलं असेल ते सांगेन. काहीच कळलं नसेल तर काहीच कळलं नाही असं सांगेन. हे ऐकून तुम्ही माझ्यावर ओरडलात तरी मी दुसऱ्या दिवशी येईन."

लोक पुन्हा ओरडले. पण टँकर कोणी बोलावला नाही.

घरी येताना नलू म्हणाली, "उचलली जीभ, लावली टाळ्याला!" मुग्धा आमच्या पुढे झपाझप चालत होती. झोपायच्या आधी मी तिच्या दाराशी गेलो. "मुगू, त्यांनी तुला तसं बोललेलं मला सहन झालं नाही गं."

"माहितीये, बाबा," ती म्हणाली. "पण तुमच्या त्या 'उद्या'मुळे कोणीतरी मेलं असतं. माझ्याकडे इथे दुसरं काही नाहीये. ना ओळख, ना वशिला. मी बोलते ते खरं असतं, एवढंच आहे. तेवढं गेलं की मी पण गेले."

बारा वाजले

दुसऱ्या दिवशी बारा वाजायच्या सुमारास अख्खं गाव घाटाच्या तोंडाशी जमलं. मुद्दाम. माझी फजिती बघायला! मी घरात दडी मारून बसणार होतो, पण नलूने डबा भरला, थर्मास भरला आणि म्हणाली, "तोंडघशी पडलायत ना, मग तोंड दाखवायला चला."

गेलो. बॅरिकेडपाशी तीस-चाळीस माणसं. काहींच्या यूटमध्ये करवती दिसत होत्या. मला बघून कोणीतरी ओरडलं, "अरे, बारा वाजले!" आणि हशा पिकला. तिकडच्या लोकांना टोपणनावं ठेवायची भारी हौस. त्या क्षणापासून माझं नाव 'नून' पडलं. नून म्हणजे दुपारचे बारा. नावं पाडण्यात आमच्या चाळीतली पोरं बरी म्हणायची पाळी!

मी सगळ्यांच्या हातात थालीपीठ ठेवलं आणि प्रत्येकाला सॉरी म्हटलं. केव्ह शेवटी. त्याने थालीपीठ घेतलं, पण माझ्याशी बोलला नाही. तो मुग्धाकडे वळला. "तार मेलेली आहे, हे सकाळी तूच सांगितलंस. मग आता काय? पहिल्या वळणापर्यंत तरी जाऊ दे. आम्ही पोरं नाही. झाडं कापत मोठे झालोय."

"नाही," मुग्धा म्हणाली.

"एक तास."

"नाही, केव्ह. ऊन आलंय. आता बर्फ सुटेल."

केव्हने यूटमधून करवत काढली आणि तो बॅरिकेडपाशी आला. त्याच्यामागे दोघे-तिघे. मुग्धा मध्ये उभी राहिली. त्याच्या छातीपर्यंत येते ती. मी पुढे होणार होतो. नलूने या वेळी माझं मनगट पकडलं, आणि या वेळी मी थांबलो.

तेवढ्यात वरून आवाज आला. ठो नव्हे, काहीतरी लांबलचक फाटल्यासारखा. पहिल्या वळणावर एका उंच निलगिरीचा अख्खा शेंडा काचेसकट सुटला, खालच्या दोन झाडांच्या फांद्या घेऊन रस्त्यावर आदळला, आणि बर्फाचे तुकडे आमच्या पायांपर्यंत घरंगळत आले.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते म्हणतात. इथे कावळा नव्हता. इथे माझी पोरगी उभी होती, आणि ती तीन दिवस हेच सांगत होती.

केव्हने करवत खाली ठेवली. मग टोपी काढली, केसांतून हात फिरवला. "राइटो," म्हणाला. "दुपारी बेकरीत काय सांगतेस बघू."

त्या दुपारी बेकरीत मुग्धा म्हणाली, "आज काही नाही." पुढच्या सकाळी म्हणाली, "जंगल खात्याचा माणूस पलीकडून चालत येतोय." पुढच्या दुपारी पुन्हा काही नाही. लोक कुरकुरले, खात्यांना शिव्या घातल्या, नगरपालिकेच्या सर्दीची चौकशी केली. पण आता शिव्या घालताना ते मुग्धाला कॉफी पुढे करत होते. तो माणूस पोचला, वरच्या धोक्याच्या फांद्या उतरल्या, तेव्हा तिने गावातल्या करवतवाल्यांना स्वतः बोलावलं, शिरस्त्राणं दिली, जोड्या लावून दिल्या. मी आणि नलू चहा पुरवत होतो. काय ती माणसं कामाला वाकली! करवतींची घरघर, ओल्या निलगिरीचा तो औषधी वास, उडणारा भुसा. मला तर तिथेच पुन्हा नोकरीला लागावंसं वाटलं.

शेवटचं झाड निघालं तेव्हा पहिली गाडी आली ती दुधाचा टँकर. अख्ख्या गावाने हॉर्न वाजवले. मीही मुग्धाच्या गाडीचा वाजवला, त्या तडकलेल्या काचेमागून.

निघताना

आमच्या परतीच्या दिवशी वर पुन्हा बर्फ भुरभुरत होता. मुग्धा आम्हाला मेलबर्नला सोडणार होती. पंपावर डिझेल भरायला थांबलो तर केव्ह तिथेच, अर्ध्या चड्डीत. त्याला गोठ्याचं सामान आणायला पलीकडे जायचं होतं. त्याने खिडकीत वाकून मुग्धाला विचारलं, "वरचा रस्ता चालू राहील आज?"

"माहीत नाही अजून. वर माणूस पाठवलाय. तासाभरात कळेल."

मी मनात म्हटलं, आता ओरडणार. केव्हने मान डोलावली. "नो वरीज." यूट बाजूला लावली, कॉफी घेतली आणि बाकावर बसला. वाट बघत. हाच माणूस हॉलमध्ये पत्रा हादरवत होता.

आम्हालाही थांबणं भागच होतं. मी पाय मोकळे करायला उतरलो तसा तो ओरडला, "ए नून! तुझं काय म्हणणं? कधी उघडेल?"

पंपवाला थांबला. मॉरीन नलूला निरोपाचा पाव द्यायला आली होती, तीही थांबली. सगळे गालात हसत होते. मी आभाळाकडे पाहिलं, पश्चिमेला फटफटीत उजेड दिसत होता. माझ्या हिशेबाने अर्ध्या तासात स्वच्छ होणार होतं. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं.

मी गाडीकडे पाहिलं. मुग्धा स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत होती. हात अगदी स्थिर.

"आय डोन्ट नो," मी म्हणालो. "ती सांगेल."

केव्ह बाकावर सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने थोपटली. मी जाऊन बसलो.